चीजचं फूल आणि सांजावचं फूल

कोइंब्रा, ४ जून १९८४

एर्मेलिंदाबाई,
सप्रेम नमस्कार.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही, कारण मी तुम्हाला याआधी कधी पत्र लिहिलेलंच नाही. मी बेल्मिरू. आझिन्यालच्या खालच्या आळीतल्या झासिंतू मेंढपाळाचा थोरला. एकोणचाळीस वर्षांपूर्वी इथल्या विद्यापीठाच्या बागेत माळी म्हणून आलो आणि इथलाच झालो. बायको ग्रासा सहा वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. सप्टेंबरअखेर मी निवृत्त होतोय. पुतणी ओदेत लक्झेंबर्गला असते, ती म्हणते, काका, आमच्याकडे या. तिथे बागा आहेत म्हणे. असतील.

तर कामाचं बोलतो. जाण्याआधी एक शेवटचा वाफा करून द्यायचाय. आपल्याकडची दोन काटेफुलं शेजारी शेजारी लावायची आणि पाट्या ठोकायच्या. एक चीजचं, ज्याच्या पाकळ्यांच्या पाण्याने तुम्ही चीजसाठी दूध घट्ट जमवता. दुसरं सांजावचं, जे पोरी सांजाव संताच्या सणाच्या रात्री शेकोटीत होरपळून छपरावर ठेवतात आणि सकाळी परत उमललं तर प्रेमाला होकार समजतात. इथल्या मुलांना दोन्हींत फरकच कळत नाही. परवा एकजण म्हणाला, हे लहान आहे ते मोठं होऊन तसंच होईल ना? मी म्हटलं, बाबा रे, मांजर मोठं झालं की वाघ होत नाही.

पुस्तकात फरक दिलाय, पण तो वाळलेल्या पानांचा आहे. तुमचा हात त्यात आयुष्यभर आहे. चार ओळी लिहाल का? आणि आपल्याच डोंगरावरचं बी मिळालं तर फार बरं.

आपला,
बेल्मिरू

•

आझिन्याल, १५ जून १९८४

बेल्मिरू यांस,
नमस्कार.

पत्र वाचून हसले, खोटं कशाला बोलू? एवढ्या वर्षांनी माणूस पत्र लिहितो आणि मागतो काय, तर काटे!

मी तीनच इयत्ता शिकलेली. पुस्तकासारखं लिहिता येणार नाही, चालवून घ्या. दोघी सख्ख्या बहिणी आहेत, पण स्वभाव वेगळे. थोरली, म्हणजे चीजची, माझ्या डोक्यावरून जाते. पान रुंद, राखाडी, लांबून पाहिलं तर हात फिरवावासा वाटेल. फिरवू नये. गोठ्याच्या मागे, खत आणि ओल मिळेल तिथे माजते. धाकटी सांजावची. ती गुडघ्याच्या वर जात नाही. खडकातच सुखी. पान वरून हिरवंगार, खालून पांढरंफेक, आणि कात्रीने उभं कातरावं तसं अरुंद. काटा धाकटीचा जास्त लागतो. निळाईही धाकटीचीच जास्त. देवाने दोन्ही एकाच हाताने दिली असणार.

दूध दोघींनी जमतं. पण थोरलीने चीज आतून लोण्यासारखं होतं, धाकटीने जरा आडदांड. म्हणून आमच्या घरात धाकटीला चीजच्या खोलीत मज्जाव आणि थोरलीला शेकोटीत. थोरली एकदा जाळ लागला की पुन्हा डोकं वर काढत नाही, असं आई म्हणायची. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तुम्ही विसरलात म्हणजे शहराचं पाणी लागलं.

बी ऑगस्टशिवाय धरत नाही. पाठवीन.

आई जाऊन अकरा वर्षं झाली. दोघे भाऊ फ्रान्सला. मी आहे आणि तीस मेंढ्या आहेत. त्या उलट बोलत नाहीत, म्हणून जमतं.

एर्मेलिंदा

•

कोइंब्रा, २७ जून १९८४

एर्मेलिंदा,

'तुम्ही' लिहिताना पेन अडखळतंय, म्हणून यापुढे तू. रागावलीस तर तसं कळव.

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन हिंडतोय. काल वाफ्याची पाटी रंगवत होतो. चीजच्या फुलाखाली लिहिलं, 'पान रुंद, राखाडी', आणि ब्रश खाली ठेवला.

पंचेचाळीस सालचा सांजाव. मी तुला विचारलं होतं, माझ्याबरोबर येशील का? तू म्हणालीस, फुलाला विचारूया, ते म्हणेल तसं. संध्याकाळी शेकोटीच्या पलीकडे मी उभा आणि अलीकडे तू, फूल जाळावर धरून. त्याच्या देठाला एकच पान होतं. डोळे मिटले की ते मला अजून दिसतं. पण मी ते नेहमी वेड्यासारखं पाहिलं, माळ्यासारखं कधी पाहिलंच नाही. ते पान रुंद होतं, एर्मेलिंदा. राखाडी होतं.

सकाळी मी तुमच्या चीजच्या खोलीच्या खिडकीशी आलो. तू आतून एवढंच म्हणालीस, "मेलं." दुसऱ्या दिवशी सोमवार होता, मी गाडी धरली.

अगं, तू चुकीचं फूल भाजलंस! तुझीच आई म्हणायची ना, थोरलीला जाळ लागला की ती उठत नाही? मग ते उमलणार कसं? सांजावबाबांचा नकार नव्हताच तो. बासष्ट वर्षांचा माणूस बागेत एकटाच हसत होता. हेड माळ्याने विचारलं, "काय हो बेल्मिरू, ऊन लागलं का?"

आता स्पष्टच विचारतो, आडून आडून विचारायचं वय राहिलं नाही. आझिन्यालला बाबांचं घर अजून उभं आहे, छप्पर घातलं की झालं. ओदेतला सप्टेंबरच्या आत उत्तर द्यायचंय. तो नकार जर फुलाचाच होता, तुझा नव्हता, तर मी गावी येऊ का? तुझा होता, तर तसं लिही. मी लक्झेंबर्गला जाईन आणि तुला पुन्हा त्रास देणार नाही.

बेल्मिरू

•

आझिन्याल, २० जुलै १९८४

बेल्मिरू,

उत्तराला उशीर झाला. फुलं खुडायचे दिवस आहेत. सकाळी दव वाळलं की जायचं, निळ्या पाकळ्या तेवढ्या ओढून काढायच्या आणि सावलीत फडक्यावर पसरायच्या. हिवाळाभराचं दूध त्यावर आहे. बोटं सुजलीत. आईचं दुखणं माझ्याकडे आलंय, घर आलं तसं तेही आलं.

फुलाचं म्हणतोस तसं झालं असेल. अंधार पडत होता, घाई होती, हाताला आलं ते तोडलं. चूक झाली. माणसं चुकतात.

पण आता त्याचं काय? तू तिथे आयुष्य काढलंस, नळाचं पाणी, मऊ पाव. इथे रस्त्याला अजून दिवा नाही. तुझ्या बाबांच्या घराचं छप्पर नुसतं गेलेलं नाही, आत अंजीर उगवलंय. ओदेत चांगली पोर दिसते. तिच्याकडे गरम सूप मिळेल, पोरांचा गलका असेल. म्हातारपणी माणसाने माणसांत राहावं.

बी पाठवते, तेवढं मी देणं लागते.

एर्मेलिंदा

•

कोइंब्रा, २९ जुलै १९८४

एर्मेलिंदा,

तुझं पत्र यायच्या आधीच मी एक उद्योग करून बसलो होतो. माळी माणूस, ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवत नाही. जुलैच्या सुरुवातीला बागेतल्या दोन्ही काटेफुलांच्या दहा-दहा कळ्या घेतल्या. गवत पेटवलं आणि एकेक कळी जाळावर धरली, तुम्ही पोरी धरायच्या तशीच, तीन श्वास. मग कुंड्यांत ओल्या मातीत खोचून उघड्यावर ठेवल्या. हेड माळ्याला सांगितलं, किडीचा प्रयोग आहे. त्याने वहीत तसंच लिहूनही घेतलं.

सकाळी मोजल्या. धाकटीच्या दहांतल्या सहा उमलल्या. थोरलीच्या पाच.

पाच, एर्मेलिंदा! एका फुलाचा काय तो फरक. तुझ्या आईची क्षमा मागून सांगतो, थोरली जाळाने मरते ही नुसती गावगप्पा आहे. पिढ्यान् पिढ्या तिला शेकोटीजवळ कुणी येऊच दिलं नाही, मग कळणार कुठून?

हे कळल्यावर आधी आनंद झाला, आणि मग बाकावर बसलो तो बसूनच राहिलो. थोरलीही उमलू शकते, याचा अर्थ तुझं फूल उमलू शकत होतं. तरी उमललं नाही. म्हणजे नकार खराच होता.

आणि तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू दूध जमवणाऱ्या घरातली, डोळे बांधले तरी पानावरून बोट फिरवून सांगशील कोणती ते. तू अंधारात चुकशील? ते पान मलाच चुकीचं आठवत असेल. मला बरं वाटावं म्हणून तू चूक आपल्या पदरात घेतलीस. नाही म्हणतानाही माणसाला दुखवायचं नाही, ही तुझी जुनी रीत. मला समजलं. अंजिराचंही समजलं.

ओदेतला हो कळवतोय. तीन ऑक्टोबरची गाडी आहे, ती या आठवड्यात तिकीट काढेल. बी पाठवलं नाहीस तरी चालेल. वाफा दुसरा कुणी करेल.

तुझं भलं होवो. बोटांना रात्री कोमट तेल लाव.

बेल्मिरू

•

आझिन्याल, २ ऑगस्ट

बेल्मिरू,
तिकीट काढू नकोस. ओदेतला थांबव. मला लिहायला वेळ लागतो, पण मी लिहितेय.
ए.

•

आझिन्याल, ११ ऑगस्ट १९८४

बेल्मिरू,

चार कागद फाडले. हा पाचवा. मेंढ्या आटल्यात, चीजची खोली धुऊन कुलूप लावलंय, म्हणजे कामाचं निमित्तही उरलं नाही.

तू म्हणतोस मी चांगली. ते वाचून मला जेवण गेलं नाही. ऐक आता.

मी चुकले नव्हते. मी थोरली मुद्दाम तोडली. गोठ्यामागे गेले आणि निवडून तोडली.

त्या मे महिन्यात आईचे हात गेले. तुला ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं, आम्ही लपवलं होतं. काश्तेलू ब्रांकू शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, ही बोटं आता दूध पिळणार नाहीत. भाऊ नऊ वर्षांचा आणि सहा वर्षांचा. बाबा नव्हतेच. माझे हात निघाले असते तर चूल विझली असती.

आणि तू काय करत होतास? तुला बागेचं पत्र आलं होतं. आपल्या गावात सरकारी कागद आलेला तू पहिलाच. ते पत्र तू शर्टाच्या आत घालून हिंडायचास. चार वेळा मला वाचून दाखवलंस, 'सहायक माळी' म्हणताना तुझे कान लाल व्हायचे. मी जर म्हटलं असतं, बेल्मिरू, आईचं असं असं झालंय, मला येता येत नाही, तर तू ते पत्र शेकोटीत टाकलं असतंस. टाकलं असतंस की नाही? आणि तुझ्या बाबांसारखा दुसऱ्याच्या मेंढ्यांमागे फिरला असतास. मला ते बघवलं नसतं.

तोंडाने नाही म्हणायची मला हिंमत नव्हती. म्हणून म्हटलं, फुलाला विचारूया. आणि जे उठणारच नाही असं घरात सगळे सांगायचे, तेच फूल घेतलं. म्हणजे खोटं बोलायलाही लागणार नाही, असं मला वाटलं. वीस वर्षांची होते, शहाणपणा किती असणार?

पहाटे शिडी लावून छपरावर गेले. बेल्मिरू, ते उमललं होतं.

अर्धंमुर्धं नाही, सगळं. बाहेरचे खवले काळे पडलेले आणि मधून निळं वर आलेलं. मी शिडीवरच बसले. आनंद झाला, हे आधी सांगते. एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता आणि त्यानंतरही नाही. मग खालून आईचा आवाज आला, "लिंदा, बादली उचलवत नाही गं मला."

तुझ्या पावलांचा आवाज आला तेव्हा मी खोलीत होते. फूल लपवायला जागा सुचेना. पाकळ्या ओढल्या, खलबत्त्यात टाकल्या, वर मीठ घातलं आणि कुटल्या. खिडकीत तू होतास. मी "मेलं" म्हटलं. तू टोपी घातलीस आणि गेलास. नंतर त्यात पाणी घालून गाळलं आणि त्यानेच मी दूध जमवलं, हंगामातलं शेवटचं. सोमवारी आईने तुला वाटेत खायला एक ताजं चीज दिलं होतं, आठवतं? ते त्याच फुलाचं.

म्हणून तुझी बातमी मी कधी कुणाला विचारली नाही. तुझं लग्न झाल्याचं कळलं तेव्हा मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही खरं आहे. मागणी घालायला दोघे येऊन गेले. दोघांना मी सरळ तोंडाने नाही म्हटलं. एकदा जमलं की जमतं.

तू विचारलंस आणि जुलैत मी पुन्हा खोटं लिहिलं. चूक झाली म्हटलं की सगळं मिटेल, आणि तुला कधी कळणार नाही, असं वाटलं. शिवाय लाज वाटली. तू कळ्या मोजत बसशील हे कुणाला ठाऊक? तुझा तो पाचाचा आकडा वाचला आणि तिकीट काढू नकोस म्हणून चिठ्ठी धाडली.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नकार फुलाचा नव्हता. माझाही नव्हता. तो माझ्या तोंडाचा होता. मनाचं विचारशील तर तू आलास तर मला हवा आहेस. हे वाचून तुला संताप आला, तर तो तुझा हक्क आहे, आणि मग लक्झेंबर्गला जा. पण 'ती मला नको म्हणाली होती' असं घेऊन जाऊ नकोस. तेवढं एक ओझं तरी मला तुझ्या डोक्यावरून उतरवायचंय.

बी पुडीत बांधलंय. थोरलीचं निळ्या दोऱ्याने, धाकटीचं पांढऱ्या.

तुझी,
एर्मेलिंदा

•

कोइंब्रा, २४ ऑगस्ट १९८४

एर्मेलिंदा,

पत्र मिळाल्याला आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी मी एक मोठी कुंडी फोडली. अपघाताने नाही. हेड माळ्याने केरसुणी आणून दिली.

मी रागावलोय. बोलूनच टाकतो, नाहीतर आत कुजेल. मी तेवीस वर्षांचा होतो, कोकरू नव्हतो की कुणीतरी उचलून कुंपणापलीकडे ठेवावं. मी ते पत्र शेकोटीत टाकलं असतं, बरोबर आहे तुझं. पण ते माझं पत्र होतं आणि माझी शेकोटी. तुझ्या आईला दोन हात कमी पडत होते आणि माझे दोन रिकामे होते. पाठ मोडेपर्यंत दूध काढलं असतं. तू विचारलंसच नाहीस. माझ्या आयुष्याचा निवाडा छपरावर शिडी लावून एकटीने केलास आणि वर मीठ घालून कुटलास.

दुसरी गोष्ट. ग्रासाबरोबरची वर्षं खोटी नव्हती. ती भली बाई होती, मी तिच्याबरोबर हसलोही खूप. ती वर्षं उगाच गेली असं मी कुणाला म्हणू देणार नाही, तुलाही नाही, स्वतःलाही नाही.

तिसरी. ते चीज. मी ते रागाने गाडीच्या खिडकीतून फेकणार होतो. हात बाहेरही काढला होता. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं. अर्धं खाल्लं, मग समोरच्या म्हातारीला अर्धं दिलं, कारण ती मला रडताना बघत होती आणि मला काहीतरी करायला हवं होतं. ती म्हणाली, "पोरा, असं चीज मी आजवर खाल्लं नाही." मला तेव्हा ते मातीसारखं लागलं. आता आठ दिवस जिभेवर त्याची खरी चव आठवायचा प्रयत्न करतोय.

पाचव्या दिवशी मला कळलं, की शिडीवर बसलेली, आनंदाने वेडी झालेली एक पोर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीये. ती मला कुणी आधी दाखवली असती तर! चाळीस वर्षं मी फक्त खिडकीतली पाहिली.

ओदेतला कळवलं. ती फोनवर ओरडली, "काका, या वयात?" मी म्हटलं, या वयातच, आधी कुणी मला सांगितलंच नाही.

निवृत्तीपर्यंत पुरेल एवढी माझी रजा शिल्लक आहे. ३१ तारखेला, शुक्रवारी, दुपारच्या बसने येतोय. उत्तर पाठवू नकोस, ते पोचेल तेव्हा मी इथे नसेन. अंजीर तोडू नये, छप्पर त्याच्याभोवतीने घालू. सगळा बाडबिस्तरा घेऊन येतोय, कारण तुझ्याशी भांडायचंय आणि हे भांडण पत्रात मावणारं नाही. एकोणचाळीस वर्षांचा राग आहे, लिंदा. दोन-चार दिवसांत संपायचा नाही. तो संपेपर्यंत माझी राहायची सोय करून ठेव.

बेल्मिरू